डाव्या चाकावर बोटभर जास्त

वॉचमनची पॅन्ट माझ्या शिलाई मशीनवर सव्वा महिना पडून होती. निळी, बाजूला पिवळी पट्टी. ती माझ्या मिस्टरांसाठी आली होती. लांबीला तीन इंच जास्त होती. तेवढी दुमडून शिलाई मारायची, दहा मिनिटांचं काम. मी रोज तिची घडी मोडून पुन्हा घडी घालायचे.

पॅन्ट माझ्या धाकट्या भावानं आणून दिली. तो कात्रजला एका मोठ्या सोसायटीत आधी वॉचमन होता, आता वॉचमन लोकांवर देखरेख करतो. त्यानं यांच्यासाठी तिथं जागा धरून ठेवली होती. हे डेंटर आहेत. मार्केट यार्डच्या मागच्या गल्लीत आमची शेड आहे. तिथं पस्तीस वर्षं हे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करतात. पण आता गाड्यांना पुढं-मागं प्लास्टिक असतं. ते कोणी सरळ करत नाही, काढून टाकतात आणि नवं बसवतात. त्यात यांची मान. दोन वर्षं झाली, मान वर होत नाही. खाली बघता येतं, समोर बघता येतं. वर बघायचं असेल तर कमरेपासून सगळं अंग मागं न्यावं लागतं. डॉक्टरांनी गळ्यात पट्टा दिलाय. पट्टा घातला की हे मोठ्या साहेबासारखे दिसतात, कोणाकडं मान वर करून बघायची गरज नसलेल्या.

भाऊ म्हणाला, "दाजी, वॉचमनला वर बघायचं कामच नसतं. माणसं गेटमधून समोरच येतात."

हे म्हणाले, "विचार करतो."

माझ्यासाठीही त्यानं काम बघितलं होतं. त्याच सोसायटीत तीन घरी स्वयंपाक. एका घरी मला दाखवायला घेऊन गेला. बाईंनी विचारलं, "काय काय येतं तुम्हाला?" मला सगळं येतं. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून मी गप्प राहिले. त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं. मग हातानं पोळी लाटल्याची खूण करून विचारलं. मी मान हलवली. बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, त्यांना वाटलं तू मुकी आहेस. पण काम पक्कं झालं. आधीची फार बोलायची म्हणे." बाकीच्या दोन घरी मात्र बोलणारी हवी होती. एका घरी तर म्हातारीशी गप्पा मारणं हे कामातच धरलेलं होतं.

शेडमध्ये मला कोणाशी बोलावं लागत नाही. यांच्या हाताखाली कोणी उरलं नाही तेव्हापासून मी जाते. सकाळी घरी ब्लाऊज शिवते आणि दुपारी शेडमध्ये तारेच्या ब्रशनं गंज घासते. गंज काही विचारत नाही. शेड बंद झाली असती तर यांना गेट मिळालं असतं आणि मला ती म्हातारी. म्हणून पॅन्ट पडून होती.

असं चाललेलं असताना सदाशिव पेठेतले एक काका त्यांची जुनी गाडी घेऊन आले. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. गोल दिवे, फिकट हिरवा रंग, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. काकांनी गाडी गल्लीत लावली, काच वर केली, दार लॉक केलं, पुन्हा ओढून बघितलं आणि मग चार पावलं चालून शेडमध्ये आले.

"मिस्त्री आपणच?"

"हो."

"मागच्या दोन्ही चाकांच्या वर, आतून, सडलंय. डिकी उघडून खाली वाकलं की रस्ता दिसतो."

"बघतो ना."

"बघा. पण बघून लांबी भरू नका. मागच्यानं तेच केलं. मी त्याला गाडी दिली होती, भिंत नव्हती दिली."

लांबी म्हणजे रंगाच्या आधी खड्डे बुजवायला भरतात तो लगदा. वाळली की दगडासारखी होते आणि रंग दिला की कोणाला कळत नाही. यांनी चाकाच्या वर आत हातोडीच्या दांड्यानं टक टक केलं. तिसऱ्या ठोक्याला हाताएवढा तुकडा खाली पडला. त्याच्या आत गोणपाट होतं. मागच्या माणसानं भोकात गोणपाट कोंबून वर लांबी थापली होती. गोणपाटावर कांद्याच्या व्यापाऱ्याचा शिक्का होता. अजून वाचता येत होता.

काकांनी वाकून तो वाचला. "वा," म्हणाले. "म्हणजे पाच वर्षं मी कांद्याच्या पोत्यावर हिंडतोय."

"पत्र्याला पत्राच लावू," हे म्हणाले.

"लावा. आणि एक सांगून ठेवतो. माझ्यासारखे आणखी सहा जण आहेत. सगळ्यांच्या जुन्या गाड्या. रविवारी सकाळी एकत्र निघतो, इडली खातो आणि घरी येतो. सगळ्यांच्या गाड्या इथंच सडल्यात. माझी नीट झाली तर ते तुमच्याकडे येतील. नाही झाली तरी पत्ता विचारतील, चुकवायला."

काका रिक्षानं गेल्यावर हे बराच वेळ गाडीकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "सहा गाड्या." एवढंच म्हणाले. पण सहा गाड्या म्हणजे आमच्या वेगानं सहा-सात महिने. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हा हे म्हणाले, "जरा थांब."

आमच्या शेजारी पेंटरची शेड आहे. मध्ये एकच पत्रा, त्यामुळं त्यांना सगळं ऐकू जातं. ते पलीकडून म्हणाले, "काय मिस्त्री, गेटशी ठरलेलं लग्न मोडलं वाटतं?"

गाडी ठोकळ्यांवर चढवली. मागची चाकं काढली, सीट काढली, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली. मागच्या चाकाच्या वर आतल्या बाजूला पत्र्याची एक कमान असते. चाकानं उडवलेला चिखल गाडीत येऊ नये म्हणून ती असते, आणि चिखल तिथंच बसतो म्हणून तीच सडते. मी कमानीखाली जाऊन बसले आणि घासायला लागले. वरचा थर काळा होता, त्याच्या आत लाल, त्याच्या आत पांढरा. काका कुठं कुठं फिरले ते मला माहीत नाही, पण माझ्या केसांत सगळीकडचं पडलं. गंजाचं असं असतं, रुपयाएवढं भोक दिसतं आणि घासत गेलं की ताटाएवढं होतं. चार दिवसांनी दोन्हीकडं दोन ताटं झाली. ताटांच्या कडेला चांगला, पांढरा चमकणारा पत्रा लागला तेव्हा मी थांबले.

आता त्या भोकाच्या मापाचा नवा तुकडा कापायचा होता. वेल्डिंग वरून, डिकीतून वाकून करता येतं. ते यांना जमतं, कारण खाली बघायचं असतं. पण माप खालूनच घ्यावं लागतं. वरून अर्धी कमान सीटच्या पत्र्याआड जाते. हे जमिनीवर आडवे पडून वर बघायला गेले. बघता आलं. पण उठता येईना. पेंटर आणि मी मिळून यांना उठवलं. पेंटर म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या वेळी आधी सांगा, मी क्रेन सांगून ठेवतो." त्यानंतर यांनी हात घालून चाचपून माप घेतलं. पहिला तुकडा बसला नाही. दुसराही बसला नाही. एवढा चांगला पत्रा दोनदा वाया गेला. पेंटर येऊन दोन्ही तुकडे बघून गेले आणि म्हणाले, "छान आहेत. कोंबड्यांना पाणी ठेवायला."

 डबा खाताना हे म्हणाले, "ती पॅन्ट शिवलीस का?"

मी म्हणाले, "दोरा नाही निळा."

निळा दोरा होता.

दुपारी पुन्हा कमानीखाली बसले. घासायचं संपलं होतं, पण तिथं सावली होती आणि तिथं बसलं की कोणी काही विचारत नाही. वर बघता बघता माझ्या लक्षात आलं की हा मुंढा आहे. ब्लाऊजला बाही जिथं जोडतात, त्या गोलाला मुंढा म्हणतात. पुढून जास्त खोल, मागून कमी, आणि मध्ये खांद्याशी फुगीर. ही कमान तशीच होती. मी बावीस वर्षांत किती मुंढे कापले ते मोजलेलं नाही. एकाही मुंढ्यात मला हात घालून चाचपावं लागलं नव्हतं.

घरी साड्यांच्या खोक्यांचा ढीग असतो. बायका नवीन साडी ब्लाऊजपीससकट खोक्यातच आणून देतात आणि खोकं माझ्याकडंच सोडून जातात. त्यातलं एक दुसऱ्या दिवशी नेलं. पुठ्ठा भोकावर धरला, कडेकडेनं खडूनं रेघ मारली, कापला. सपाट पुठ्ठा फुगीर जागेत बसत नाही. म्हणून छातीला घेतात तसे दोन टक्स घेतले, म्हणजे दोन ठिकाणी चीर देऊन कडा एकमेकींवर ओढल्या. पुठ्ठा कमानीत जाऊन बसला. हात काढला तरी पडला नाही.

मी तो यांच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवला आणि लांब जाऊन बसले. यांनी उचलला. उलटा करून बघितला. आत डोकं न घालता हातानंच कमानीत बसवून बघितला. मग पत्र्यावर ठेवून आखायला लागले.

संध्याकाळपर्यंत डावा तुकडा तयार झाला. सगळीकडून जुन्या पत्र्यावर बोटभर चढून बसला. यांना वाटलं, मी वेल्डिंग सोपं जावं म्हणून विचार करून जास्त ठेवलंय. मला वाटलं, पत्रा असाच जोडत असतील. आम्ही दोघं एकमेकांना हुशार समजलो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडलं. ठोकलेल्या गाडीला पत्रा चढवूनच जोडतात, त्यात नवल काही नव्हतं. तसली गाडी चार वर्षांत विकायचीच असते.

दोन दिवस यांनी डिकीत वाकून वेल्डिंग केलं. एक टाका इकडं, एक टाका तिकडं, मध्ये ओलं फडकं, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. मग ग्राइंडर मारला, लाल प्रायमर मारला, खालून मी डांबर लावलं. पेंटर येऊन वाकून बघून गेले. त्यांना नाव ठेवायला काही सापडलं नाही, म्हणून माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, पाठीला नाडी लावायची राहिली."

मग उजवी बाजू. उजवीकडं भोकाच्या वर एक जुना तुकडा जोडलेला होता. कांद्याच्या पोत्याच्याही आधीचा, कुठल्या तरी जुन्या डेंटरनं लावलेला. यांनी तो कापून खाली टाकला आणि मी तो उचलून बाजूला ठेवायला गेले. तुकडा मधोमध चांगला जाड होता, ठोकला तर घंटीसारखा वाजत होता. त्याच्या भोवतीचा गाडीचा मूळ पत्राही जागोजाग चांगला होता. फक्त जिथं एकावर एक असे दोन पत्रे आले होते, तेवढा बोटभर पट्टा सडला होता. नखानं उचकटलं तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटले. पापुद्र्यांच्या मध्ये माती होती, आणि माती दमट होती. गाडी तीन आठवडे शेडमध्ये कोरड्यात उभी होती तरी दमट होती. दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की त्याला बाहेर यायला वाट नसते.

तो तुकडा हातात घेऊन मी डाव्या बाजूला जाऊन बसले. डांबराखाली हात फिरवला. सगळीकडून बोटभर काठ लागला.

मी माया सोडली होती. कापड कापताना शिवणीसाठी रेघेच्या बाहेर बोटभर जास्त ठेवतात, त्याला माया म्हणतात. मी भोकाच्या कडेनं रेघ मारली आणि रेघेवर न कापता बोटभर बाहेरून कापलं. ठरवून नाही, हातानंच तसं कापलं. ब्लाऊजमध्ये माया ठेवतात, कारण बाई पुढं जाड होते आणि मग उसवून ढिला करता येतो. गाडी जाड होत नाही.

मी हिशोब केला. तीन-चार पावसाळे काही दिसणार नाही. डांबर आहे, प्रायमर आहे, काम सफाईचं आहे. तोपर्यंत सहाही गाड्या येऊन, होऊन गेलेल्या असतील. यांना माहीत नाही, काकांना माहीत नाही, पेंटरनाही दिसलं नाही आणि पेंटरना न दिसणारी चूक म्हणजे नसल्यातच जमा. मला फक्त गप्प बसायचं होतं. ते मला येतं. शाळेत असताना एकदा बाईंनी हजेरीत मला गैरहजर लिहिलं, तेव्हा मी पहिल्या बाकावर बसलेली होते.

उजवीचा पुठ्ठा मी रेघेवर कापला, बरोबर रेघेवर. हात बाहेर जायला बघत होता, त्याला धरून ठेवावं लागलं. यांनी पत्रा कापला, लावला. टोकाला टोक लागलं. फट नाही, चढ नाही.

हे म्हणाले, "हा बरोबर बसला."

थोड्या वेळानं म्हणाले, "डावा चढून बसला होता."

मी म्हणाले, "हं."

घरी आल्यावर पॅन्ट उलगडली. निळा दोरा भरला. एक पाय दुमडला आणि शिलाई मारली. दुसरा पाय तसाच ठेवला. म्हटलं, बघू.

शनिवारी काका आले. टॉर्च घेऊन आले, बसायला उशी आणि काकूंचा हातातला आरसा घेऊन आले. उशी जमिनीवर टाकून बसले, आरसा कमानीत धरला, टॉर्च मारला. उजवीकडं दहा मिनिटं बघितलं. डावीकडं दहा मिनिटं बघितलं. पेंटर मधला पत्रा सोडून आमच्या बाजूला येऊन उभे राहिले होते.

"मिस्त्री," काका म्हणाले.

"हो."

"नाव ठेवायला जागा नाही. मला सवय नाही याची." ते उठले, उशी झटकली. "उद्या रविवार. सकाळी सहाला घेऊन जातो. तिकडं सहाही जण वाट बघतायत. आरसा तेही आणणार आहेत."

"चालेल ना," हे म्हणाले. आणि मला दिसलं की यांनी पट्टा घातलेला असूनही खांदे जरा सैल सोडले होते. दोन वर्षांत मी तसे बघितले नव्हते.

मी म्हणाले, "डावं चुकलंय."

काकांना वाटलं पेंटर बोलले. त्यांनी पेंटरकडं बघितलं. पेंटरनी यांच्याकडं बघितलं. हे पट्ट्यात मान वळत नाही म्हणून समोरच बघत राहिले.

"कोण म्हणालं?" काकांनी विचारलं.

"मी."

"काय चुकलंय?"

"माया सोडली."

"अहो ताई, मला समजेल असं सांगाल का?"

त्यांना समजेल असं मला सांगता येईना. म्हणून मी उजवीचा तो जुना तुकडा आणला आणि त्यांच्यासमोर कडेचे पापुद्रे नखानं एकेक करून उचकटले. मग मधली माती दाखवली. मग त्यांचा हात धरायचं धाडस झालं नाही म्हणून त्यांचा टॉर्च घेतला आणि डाव्या बाजूचा काठ दाखवला. म्हणाले, "इथं पण असंच दोन-दोन आलंय. पुठ्ठा मी कापला. ब्लाऊजसारखा कापला. उजवं नीट आहे. डाव्यात पाणी बसणार."

गिऱ्हाइकाशी मी एवढं कधीच बोलले नव्हते. घरीही बोलले नसेन.

काकांनी टॉर्च परत घेतला. "किती दिवसांनी सडेल?"

"तीन-चार पावसाळे."

"ताई, मी एकोणऐंशी वर्षांचा आहे."

"हो."

"म्हणजे मला कळायच्या आत मी गेलो असतो."

 मी म्हणाले, "गाडी राहिली असती."

  काकांनी टॉर्च बंद केला, आरसा रुमालात गुंडाळला आणि उशी काखेत मारली.

"मिस्त्री, काढा ते," म्हणाले. "आणि मी त्या सहा जणांना आता फोन करतो. उद्या का येत नाही ते सांगावं लागेल ना. सगळं सांगतो."

ते गेले. सगळं सांगतो म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. सदाशिव पेठेतल्या माणसाच्या तोंडावरून ते कळत नाही.

हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. एरवीही फारसं बोलत नाहीत, त्यामुळं मला ते कळायलाच एक दिवस गेला. तिसऱ्या दिवशी ग्राइंडर घेऊन यांनी स्वतःचंच वेल्डिंग कापायला घेतलं. दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात खाली पडलं. ग्राइंडर थांबल्यावर म्हणाले, "मलाही दिसलं होतं."

"कधी?"

"उजवा बसला तेव्हा."

"मग?"

"म्हटलं, तू विचार करूनच ठेवलं असशील." मग जरा थांबून म्हणाले, "आणि सहा गाड्या होत्या."

एवढं बोलून हे घरी गेले. परत आले तेव्हा हातात साडीचं खोकं होतं. चांगल्यातलं, जाड पुठ्ठ्याचं. ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. मी रेघेवर कापलं.

काका पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन गेले. आरशात बघितलं, हाताच्या पंजानं डिकीवर दोनदा थोपटलं. ते गाडीला होतं. रविवार आला आणि गेला. कोणी आलं नाही. दुसराही रविवार गेला. शेडमध्ये एका टेम्पोचं दार होतं, तेवढंच काम. पेंटर दोन दिवस काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प बसणं मला आवडलं नाही.

भावाचा फोन आला. "दाजी, एक तारखेपर्यंतच जागा धरता येईल. ताईला विचारा, पॅन्ट झाली का?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "एक पाय झालाय."

"एक पाय झालाय," यांनी फोनवर सांगितलं.

पलीकडून भावानं विचारलं, "आणि दुसरा?"

एक तारखेला तीन दिवस होते तेव्हा दुपारी गल्लीत एक लांबलचक पांढरी जुनी गाडी आली. कांद्याच्या टेम्पोमागं अडकली, हॉर्न न वाजवता थांबून राहिली आणि वाट मिळाल्यावर आमच्या दारात उभी राहिली. त्यातून टोपी घातलेले एक गृहस्थ उतरले. त्यांच्या हातात आरसा होता.

हे पुढं गेले. "या साहेब."

"आपण मिस्त्री? नमस्कार. आधी मला त्या ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंना भेटायचंय."

पेंटरनी बोट केलं. मी टेम्पोच्या दाराआड होते.

गृहस्थ दारापाशी आले आणि दाराला उद्देशून बोलले. "ताई, आमचा मित्र दोन रविवार एकच गोष्ट सांगतोय. म्हणे मार्केट यार्डापाशी एक बाई आहेत, पास झालेलं काम चुकलंय म्हणून स्वतःहून सांगतात. मी म्हटलं, पुण्यात असं होत नाही. त्याचं आणि माझं भांडण झालं. शेवटी म्हटलं, बघून येऊ."

मी उठले. दाराआडून बाहेर आले.

त्यांनी गाडीची मागची चाकं दाखवली. मग विचारायला लागले. कमान पूर्ण बदलायची की अर्धी? जुना पत्रा किती ठेवायचा? जोड कुठं घ्यायचा? पुठ्ठा बाहेरून लावायचा की आतून? मी यांच्याकडं बघितलं.

"सांग ना," हे म्हणाले. "मला वरचं दिसत नाही."

मग मी सांगितलं. अर्ध्या तासात मी इतकं बोलले की पेंटरनी त्यांचा कॉम्प्रेसर बंद केला. शेवटी त्या गृहस्थांनी विचारलं, "आणि चूक झाली तर सांगाल?"

मी म्हणाले, "चहा घेणार का?"

घेतो म्हणाले. गाडी ठेवून गेले.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी पॅन्टचा शिवलेला पाय उसवला, इस्त्री केली आणि भावाला परत दिली. तो नाराज होता, पण पुढच्या आठवड्यात म्हणाला, "बरं झालं लांबी तशीच ठेवलीस. नवीन वॉचमन सहा फूट आहे." त्या म्हातारीकडं कोण लागलं ते मी विचारलं नाही. गप्पा मारणारी कोणी तरी मिळाली असेल.

पांढरी गाडी झाली. तिच्यानंतर एक चॉकलेटी आली, ती आता ठोकळ्यांवर आहे. बाकीचे चौघं आरसे घेऊन अधूनमधून नुसते बघायला येतात आणि प्रश्न विचारतात, यांना नाही, मला. कोणाशी बोलावं लागू नये म्हणून मी शेडमध्ये यायला लागले होते. आता गल्लीत जुन्या गाडीचा आवाज आला की पलीकडून पेंटर ओरडतात, "वहिनी, बोलायचं काम आलंय."

मी ब्रश खाली ठेवते, केसांतली माती झटकते आणि कमानीखालून बाहेर येते.